बाटलीवरचे नाव आणि आतली अँटिबॉडी

कर्करोग आणि डीएनए दुरुस्ती हा विषय निघाला की अँटिबॉडीचे नाव येतेच, आणि पाठोपाठ काही पक्के समजही.

गैरसमज : ही अँटिबॉडी म्हणजे औषध.
नाही. संशोधनाची अँटिबॉडी रुग्णाला टोचत नाहीत. गाठीच्या पातळ कापावर ती घालतात. हवे ते प्रथिन सापडले की ती त्याला चिकटते आणि पुढच्या रसायनांनी तिथे तपकिरी रंग उमटतो.

गैरसमज : रंग उमटला, म्हणजे लेबलवरचे प्रथिन तिथे आहेच.
हा समज चांगलाच महागात पडला आहे. सिस्प्लॅटिन हे औषध डीएनएचे घटक एकमेकांना जखडून पेशी मारते. ईआरसीसी-१ हे प्रथिन एक्सपीएफ या जोडीदारासह असा बिघडलेला भाग कापून काढायला मदत करते. मग ज्या गाठीत ईआरसीसी-१ नाही, तिथे सिस्प्लॅटिन जास्त लागू पडायला हवे. २००६ मध्ये एका उपचार-चाचणीतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७६१ गाठी ‘८एफ१’ या अँटिबॉडीने तपासल्या, तेव्हा नेमके तसेच दिसले. साहजिकच अनेकांच्या आशा वाढल्या.

पुढे पडताळणी झाली आणि हिशेब जुळेना. आधी ४४ टक्के नमुने पॉझिटिव्ह होते. २०११ मध्ये त्याच चाचणीतले नमुने पुन्हा रंगवले, तर ७७ टक्के! गाठी काही बदलल्या नव्हत्या; अँटिबॉडीचे वागणे बदलले असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष. २०१३ च्या त्यांच्या अहवालात बाजारातल्या १६ अँटिबॉडी तपासल्या होत्या. ईआरसीसी-१ ची चार रूपे असतात, त्यांतले एकच दुरुस्तीचे पूर्ण काम करते. ते एक वेगळे ओळखणे सोळांपैकी एकीलाही जमले नाही. भरीस भर म्हणजे ‘८एफ१’ पेशीपटलाची चरबी बनवण्यात भाग घेणाऱ्या भलत्याच प्रथिनालाही चिकटते, हे आधीच दिसून आले होते. आणि ती मोनोक्लोनल होती, बरं का! मोनोक्लोनल म्हणजे एकाच जातीची. अचूकतेची हमी त्यात नाही.

अँटिबॉडीची खरी परीक्षा सोपी आहे : पेशीतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाका. तरीही रंग आला, तर अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. आरएडी-५१ सारख्या दुरुस्ती-प्रथिनाबाबत मात्र हे जमत नाही, कारण त्याच्याविना पेशी जगतच नाही. तिथे प्रमाण कमी करून रंग उतरतो का, ते पाहावे लागते.

गैरसमज : गॅमा-एच२एएक्स या डीएनए-बिघाडाच्या खुणेचा ठिपका म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे तुटले.
बहुतेकदा हो. पण डीएनएची नक्कल अडखळली तरी ही खूण उमटते, आणि मरणाऱ्या पेशीत अख्खे केंद्रक उजळते.

गैरसमज : मग अँटिबॉडी चाचण्या बेभरवशाच्याच.
तसेही नाही. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या चार डीएनए-दुरुस्ती प्रथिनांची तपासणी आतड्याच्या कर्करोगात नित्याची आहे. तिथे पॅथॉलॉजिस्ट गाठीबरोबर त्याच कापातल्या निरोगी लिंफोसाइट पेशीही पाहतात. त्यांत ही प्रथिने असायलाच हवीत; म्हणून त्याही कोऱ्या दिसल्या, तर निष्कर्ष न काढता काप पुन्हा रंगवायला पाठवतात.