तुर्कतंतू आखडत नाहीत, उसवतात

शाळेच्या पुस्तकातल्या पेशीविभाजनाच्या आकृतीत तुर्कतंतू ताठ, स्थिर दिसतात. बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सर्वांत पक्का समज असा, की हे तंतू ताणलेल्या रबरासारखे आखडतात आणि गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढतात. खरे तर प्रत्येक तंतू म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या रेणूंनी रचलेल्या, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांची जुडी. नळीची लांबी घटते ती टोकाचे रेणू सुटल्यामुळे. गुणसूत्र त्या उसवत्या टोकाला धरून राहते आणि त्याच्यासोबत सरकते. एकाच द्रावणात काही नळ्या वाढतात आणि त्याच वेळी शेजारच्या अचानक ढासळतात, हे टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये मांडले. पेशीत हा तोल इतर प्रथिने सांभाळतात: एक्सएमएपी-२१५ नवे रेणू जोडते, एमकॅक टोक उसवते.

मग नळ्या जितक्या टिकाऊ तितके बरे, असे वाटते. तेही चूक. एका गुणसूत्राच्या दोन्ही प्रती कधीकधी एकाच ध्रुवाला जोडल्या जातात. अशी जोडणी ऑरोरा-बी हे विकर सोडवते आणि पुन्हा संधी देते. नळ्या सुटल्याच नाहीत, तर ही दुरुस्ती अशक्य होते. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध नळ्यांना उसवू देत नाही; आपल्या सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतले कोल्चिसीन त्या रचूच देत नाही. परिणाम मात्र एकच: विभाजन अडते.

तिसरा समज विभाजनाच्या दिशेबद्दलचा. पेशी लांबट असेल तर ती लांबीला आडवी विभागते, हा ऑस्कर हर्टविगचा १८८४ मधला नियम अनेक ठिकाणी लागू पडतो, पण सगळीकडे नाही. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला एलजीएन आणि न्यूमा ही प्रथिने ठरावीक जागी जमतात आणि डायनीन या वाहक प्रथिनाला तिथे बांधून ठेवतात. ध्रुवापासून पटलापर्यंत पोचलेल्या नळीला डायनीन धरते, ओढते, आणि तुर्कतंतूंचा अख्खा सांगाडा फिरतो. सी. एलिगन्स या कृमीच्या एकपेशीय भ्रूणात मागच्या बाजूची ओढ अधिक असते, म्हणून पहिल्याच विभाजनात दोन असमान पेशी होतात.

दिशेचे महत्त्व आपल्या त्वचेतही दिसते. तिच्या तळथरातली पेशी आडवी पसरत विभागली, तर दोन्ही पेशी तळातच राहतात. उभी विभागली, तर एक वरच्या थरात जाते. उंदरांच्या गर्भात एलजीएन घटवल्यावर उभी विभाजने कमी झाली, थर नीट रचले गेले नाहीत आणि त्वचा शरीराचे आवरण म्हणून कमी पडली.