हमबकर: आधी अर्थिंग, मग आवाज

खोपोलीच्या टाटा वीजघरातून १९१५ साली वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली सोडून खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके वीज तयार करू लागले, तेव्हा इलेक्ट्रिक गिटार जगात यायची होती. ती आली आणि तिच्या मागोमाग एक कटकट आली. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्या तारांभोवती तेवढ्याच वेगानं हेलकावणारं चुंबकक्षेत्र असतं, आणि गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. थरथरणारी तार कुठली आणि पंख्याची वायरिंग कुठली, हे त्याला कळत नाही. दोन्ही तो अँपकडे पाठवतो. त्यालाच आपण ‘हमिंग येतंय’ म्हणतो.

यावरचा तोडगा गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी काढला. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. एकाऐवजी दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, एकीची दिशा दुसरीच्या उलट आणि चुंबकाचा ध्रुवही उलट. बाहेरून येणारी गुरगुर दोन्हींत विरुद्ध होऊन एकमेकींना खाते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटून सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. १९५७ पासून ‘हमबकर’ नावाचे हे पिकअप लेस पॉल गिटारवर बसू लागले. पेटंट अजून हातात नव्हतं, म्हणून त्यांच्या पाठीवर ‘पेटंट अ‍ॅप्लाइड फॉर’ अशी चिट्ठी असे. आज ‘पीएएफ’ म्हणून सोन्याच्या भावानं विकले जातात ते हेच. त्या काळी गुंडाळीला मोजून वेढे पडत नव्हते, त्यामुळे एकाचं ओहम दुसऱ्याशी जुळत नसे. सातपासून नऊ किलोओहमपर्यंत काहीही निघे. आजचे कारागीर तोच विस्कळीतपणा मुद्दाम घडवतात.

पुढच्या टप्प्यात मूळ हेतू बाजूला पडला. १९७२ च्या सुमारास लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ आला. चुंबक सिरॅमिकचा, वेढे भरपूर, अँपला धक्का देणारा. गिटारबरोबर मिळालेला पिकअप काढून दुसरा बसवायचा, हा धंदाच तिथून सुरू झाला. १९७६ मध्ये सेमूर डंकन आणि कॅथी कार्टर डंकन यांनी सांता बार्बरात स्वतःची कंपनी काढली. त्याच सुमारास रॉब टर्नर यांनी ईएमजीची सुरुवात केली. त्यांच्या पिकअपमध्येच छोटा प्रीअँप असतो आणि त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. ‘गुरगुर कशी घालवू?’ हा प्रश्न मागे पडून ‘माझा आवाज कुणासारखा हवा?’ हा पुढे आला.

आपल्याकडे हे वारं उशिरा पोचलं. १९९१ पर्यंत आयातीवर बंधनं होती. हौशी मुलांच्या हातात कोलकात्यात बनलेली गिटार असे, नाहीतर कुणाच्या नातेवाइकानं परदेशातून आणलेली. सुट्टा भाग हवा तर कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची, व्हीटीला उतरायचं आणि चालत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत जायचं. गावात पिकअप खरा ठाऊक होता तो बेंजो पार्टीला. गणपतीच्या मिरवणुकीत बुलबुलतरंगाला पिकअप बसवून तो भोंग्यावर नेणारी मंडळी आणि त्यांची यंत्रं नीट करणारे रेडिओ मेकॅनिक हेच इथले पहिले पिकअपतज्ज्ञ. गिटारवाल्याच्या आधी सोल्डरिंग त्यांच्या हाताला जमलं होतं.

२००० नंतर चीन आणि इंडोनेशियातल्या स्वस्त गिटारी आल्या. त्यांतल्या बऱ्याच गिटारींवर हमबकर बसूनच येतो. मग ऑनलाइन खरेदी आली आणि हवा तो पिकअप घरपोच मिळू लागला. निवड सोपी झाली नाही, गोंधळ मात्र वाढला. गुरगुर थांबावी म्हणून हजारो रुपयांचा नवा संच घेतलेली मुलं इथे भेटतात, आणि गुरगुर जागेवरच असते.

कारण हमबकर खातो ती फक्त चुंबकक्षेत्रातून येणारी गुरगुर. तुटलेली अर्थ, मांडवातल्या डिमरची करकर, जनरेटरवरची अर्धवट जोडणी यांवर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून इथल्या माणसानं आधी घराची अर्थिंग पाहावी. तारांना बोट लावल्यावर आवाज कमी होत असेल तर शिल्डिंगकडे लक्ष द्यावं, आणि ब्रिजपासून निघणारी अर्थची तार सुटली नाही ना तेही तपासावं. गुरगुर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची सवय जिवावर बेतू शकते. तारांवर हात आणि ओठ माइकला, अशा वेळी झटका बसतो. त्यातून आपला पावसाळा. जुलैत घाटाखालच्या दमटपणानं पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या घुंड्या, खरखरू लागतात, जॅक काळवंडतो. दोष पिकअपवर जातो, खरं काम क्लीनरच्या एका फवाऱ्याचं असतं. पिकअपची उंची स्क्रूनं खालीवर करून पाहणं तर फुकटच.

एवढं करूनही आवाज रुचत नसेल, तरच निवडीला बसावं. ब्रिजचा आवाज बोचरा असेल तर अ‍ॅल्निको २ चा चुंबक मऊपणा देतो. अ‍ॅल्निको ५ खणखणीत, सिरॅमिक त्याहून आक्रमक. किलोओहमच्या आकड्यावर भाळू नये. डंकनच्या ‘जेबी’चं ओहम सोळाच्या पुढे जातं, पण तार बारीक वापरली की ओहम वाढतंच. तो आकडा म्हणजे ताकदीचं माप नव्हे. नेकला कमी ताकदीचा पिकअप शोभतो, कारण तिथे तार जास्त हलते. पॉट ५०० के चे असावेत, २५० के ने वरचे सूर दबतात. ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला २५ के लागतात, म्हणजे जुने पॉटही बदलावे लागतात. ट्रेमोलो ब्रिजच्या गिटारवर तारा जास्त पसरलेल्या असतात. साधा हमबकर बसवला तर कडेच्या तारा खांबांवरून सरकतात. त्यासाठी एफ-स्पेस, म्हणजे खांबांत जास्त अंतर असलेला पिकअप घ्यावा.

वायरिंगची गोष्ट वेगळीच. डंकनची काळी तार म्हणजे सिग्नल, हिरवी आणि उघडी तार अर्थला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची. डिमार्झिओत सिग्नलची तार लाल, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. एक कंपनी ब्रिजला आणि दुसरी नेकला लावली, तर दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ, पातळ होऊ शकतो. पिकअप खराब नसतो, फेज उलटलेली असते. अशा वेळी एका पिकअपच्या दोन टोकांची अदलाबदल केली की पुरे.

सत्तर वर्षांनी हमबकरचा बाजार आवाजाच्या चवीवर चालतो, आणि ती चव ज्याची त्यानं ठरवावी. पण कर्जत-खालापुरात वाजवणाऱ्यानं खर्चाचा क्रम उलटा धरावा: अर्थिंग, शिल्डिंग, पॉट, उंची आणि शेवटी पिकअप. पहिल्या चारांना सहसा फारसे पैसे लागत नाहीत, आणि बऱ्याच गिटारींचं काम तेवढ्यावरच भागतं. पाचव्यासाठी पाकीट उघडायचंच असेल, तर चुंबक, तारांमधलं अंतर आणि वायरिंगचा नकाशा आधी कागदावर लिहून घ्यावा. ब्रँडचं नाव त्यानंतर.