कोण किती पाण्यात

समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाने शिडाच्या बोटींच्या तळाविषयी लिहावे, हे विचित्र वाटेल. आमच्या पाथरी तालुक्याच्या कडेने गोदावरी जाते, ढालेगावला बंधारा आहे, जायकवाडीचा डावा कालवा आहे. एवढ्या पाण्यावर कुणी दर्यावर्दी होत नाही. पण बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे ती किती पाण्यात बुडते, या एका मोजमापाचे वेड मला फार वर्षांपासून आहे. त्याच्या मागे लागलो आणि गंमत म्हणजे फिरून पाथरीलाच आलो.

पहिल्यांदा तिढा काय आहे ते पाहू. बारा-एक मीटरची प्रवासी शिडाची बोट घ्यायला गेलात, तर बांधणारे बहुधा एकच सांगाडा दोन-तीन प्रकारच्या कीलसह, म्हणजे तळाखाली लटकणाऱ्या, शिशाने जड केलेल्या पात्यासह देतात. खोल कील घेतली तर बोटीला साधारण दोन मीटर किंवा थोडे जास्त पाणी लागते. उथळ घेतली तर दीड-पावणेदोन. जोड-कीलची बोट त्याहून कमी पाण्यात भागवते आणि ओहोटीला चिखलात दोन पायांवर उभी राहते. चौथा पर्याय वर ओढता येणाऱ्या पात्याचा: खाडीत पाते वर, दर्यात खाली.

शिडात वारा भरला की बोट कलते आणि आडवीही सरकते. या दोन्हींवरचा उपाय कीलच. शिसे जितके खाली लटकवाल तितक्या कमी वजनात बोट सावरते. पाते जितके उंच आणि अरुंद, तितके ते वाऱ्यावर चढताना पाणी घट्ट धरते. कील आखूड केली की तेवढाच तोल राखायला शिसे वाढवावे लागते, नाहीतर तळाशी गोळा किंवा पंख जोडावे लागतात. 1983 साली अमेरिका कप जिंकणाऱ्या 'ऑस्ट्रेलिया टू'ची पंखवाली कील जगभर गाजली. शर्यतीत ती उत्तमच, पण चिखलात बसली की तेच पंख नांगरासारखे रुततात, हे प्रवासी बोटवाल्यांना पुढे अनुभवाने कळले.

आता पाथरी. फिरिश्ता या इतिहासकाराने अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घराण्यात दाखवले आहे. त्या घराण्यातला एक मुलगा बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि दरबारात मोठ्या पदाला चढला. त्याचा मुलगा अहमद निजामशहा. हे वतन निजामशहांच्या मनातून कधी गेले नाही. वऱ्हाडच्या इमादशहाशी त्यांचे जे हाडवैर झाले, त्यात पाथरी हे एक मोठे कारण होते, आणि 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने ती घेतलीच. या पाथरीकरांच्या राज्याला समुद्राचे एक तोंड होते: कुंडलिकेच्या मुखावरचे चौल. ड्राफ्टचा धडा याच बंदरात फार महागात शिकला गेला.

मार्च 1508. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत करत चौलला आला होता. सुएझहून निघालेले इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली नदीच्या तोंडाशी दिसले, तेव्हा पोर्तुगिजांना ती आपल्याच सेनापती आल्बुकर्कची जहाजे वाटली. तोफा सुरू झाल्यावर भ्रम फिटला. पहिल्या झटापटींत पोर्तुगिजांची जहाजे आणि तोफा भारी ठरल्या. मग दीवचा सुभेदार मलिक अय्याझ इजिप्तवाल्यांच्या मदतीला आला, हलक्या, वल्ह्यांच्या, थोड्या पाण्यात फिरणाऱ्या फुस्तांचा ताफा घेऊन.

पोर्तुगिजांनी माघार घेऊन समुद्र गाठायचे ठरवले. निघताना लोरेन्सोच्या जहाजाला मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली गोळा लागला. जहाज पाणी भरू लागले, म्हणजे आधीच खोल असलेला तळ आणखी खोल गेला. ओढीने ते किनाऱ्याकडे नेले आणि ते मच्छीमारांनी नदीत रोवलेल्या खुंटांत अडकले. लोरेन्सोच्या ताफ्यातल्या पायो द सौझाने आपल्या वल्ह्यांच्या गॅलीला दोर बांधून ते ओढायचा प्रयत्न केला. तो दोर कापला गेला. बाकीची जहाजे बाहेर पडली. लोरेन्सोचे पाय गोळ्याने मोडले, डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला आणि तिथेच मारला गेला. पुढल्या वर्षी, 3 फेब्रुवारी 1509 ला, बापाने दीवला सूड घेतला आणि पोर्तुगिजांची समुद्रावरची मांड पक्की झाली. इतिहासाची पुस्तके दीवला पानेच्या पाने देतात. मला चौलचे ते खुंट जास्त महत्त्वाचे वाटतात. हिंदी महासागर गाजवणारे जहाज मासेमारीच्या लाकडांत अडकून संपले, कारण त्याला लागणारे पाणी तिथे नव्हते.

कोकणच्या माणसांना हे सांगावे लागले नसणार. आंग्ऱ्यांच्या गुराबांविषयी, म्हणजे लढाऊ जहाजांविषयी, इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने लिहून ठेवले आहे की त्या फार थोड्या पाण्यात चालत आणि लांबीच्या मानाने चांगल्याच रुंद असत; दोन डोलांची गुराब दीडशे टनांपर्यंतची, तीन डोलांची तीनशेच्या आसपास. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते त्यांना ओढत. ड्राफ्ट कमी ठेवल्याने जे गमावले, ते वल्ह्यांनी भरून काढायचे, असा हा चोख हिशेब होता.

हा हिशेब अर्धाच उचलला की काय होते, ते मुंबईच्या इंग्रजांनी दाखवले. गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्ऱ्यांच्या विजयदुर्गावरच्या हल्ल्यासाठी 'फ्राम' नावाची तरंगती तोफशाळा बांधवली: सपाट तळ, गोळ्याला दाद न देणाऱ्या जाड भिंती, अठ्ठेचाळीस पौंडी तोफा. उथळ पाण्यातून थेट किल्ल्याला भिडायचे. 1720 मध्ये वॉल्टर ब्राउनच्या मोहिमेत ती गेली आणि पहिल्याच माऱ्यात लक्षात आले की तोफांची भोके इतकी खाली पाडली आहेत की नळ्या वर उचलता येत नाहीत. गोळे किल्ल्याऐवजी पाण्यात पडले. मोहीम फसली. परतताना युरोपीय चाच्यांच्या जहाजांशी गाठ पडली, तेव्हा पळण्यात अडथळा नको म्हणून ही रेंगाळणारी 'फ्राम' इंग्रजांनी स्वतःच जाळली. कमी ड्राफ्ट मिळवला, पण पाणी धरणारे पाते नाही, वल्ह्यांची गलबते नाहीत. अशी बोट जिथे सोडाल तिथेच राहते.

दुसऱ्या टोकाला 'म्हादेई'. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ही छप्पन फुटी बोट खोल कीलची आहे आणि ते योग्यच आहे. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले. केप हॉर्नखालच्या लाटांत बोट आडवी झाली तरी तिने उठून उभे राहायला हवे. तिथे उथळ कीलची चैन परवडत नाही. या सागर परिक्रमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, आणि ते निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णीत. कोरडवाहू माणसांनी दर्याची स्वप्ने पाहू नयेत असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग कोकणासाठी कोणती कील? मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, दक्षिणेकडे ती उतरत जाते आणि गोव्यात जेमतेम दोन मीटरवर येते. मुंबईच्या बाजूला ओहोटीत टेकलेली बोट पुढची भरती सहज उचलते. गोव्याकडे पाण्याला तेवढा जोर नाही. आणि कुठेही उधाणाच्या माथ्यावर वाळूत बसलात, तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा काढायची तयारी ठेवा. त्यात खाड्यांची तोंडे गाळाने भरत चालली आहेत. माझे मत विचाराल तर रेवदंड्यापासून देवगडपर्यंत खाडी-खाडीने फिरणाऱ्याने वर ओढता येणारे पातेच घ्यावे; त्याचा खळखळाट, त्याची दुरुस्ती आणि पात्याच्या पेटीने अडवलेली केबिनमधली जागा सोसावी. ज्याला मॉरिशस गाठायचे आहे त्याने खोल कील घ्यावी आणि खाडीचा मोह सोडावा. मधली उथळ कील घेणाऱ्याने निदान वाऱ्यावर चढताना लागणारा जादा वेळ आणि इंजिनाचे डिझेल हिशेबात धरावे.

बोट विकणारा वेग सांगेल, बिछाने मोजून दाखवेल. त्याला आधी विचारायचे ते इतकेच, की हिला पाणी किती लागते. आणि स्वतःला, की रात्री नांगर कुठे टाकणार. या दोन उत्तरांचा मेळ बसला नाही, तर बाकी सगळा तक्ता वाचून उपयोग नाही.