चंद्रावर घर बांधायचं तर कुठे: गुहेत की पाण्याजवळ?

पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याला जाताना आजूबाजूच्या डोंगरांत काळा कातळ दिसतो. हा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनलेला. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, तेही बेसाल्टचेच. फक्त त्यातला बहुतेक दगड 300 कोटी वर्षांहून जुना आहे.

दगड ओळखीचा, मग तिथे घर बांधणं अवघड का?

कारण चंद्रावर हवा नाही. विषुववृत्ताजवळ भरदुपारी तापमान 120 अंशांच्या आसपास जातं आणि रात्री उणे 130 पर्यंत उतरतं. ही रात्रही आपल्या चौदा दिवसांची. किरणोत्सर्ग आणि बारीक उल्का थेट येऊन आदळतात. त्यात धूळ. रायगडातला कातळ पावसाने झिजून त्याची माती होते, पण चंद्रावर पाऊस-वारा नसल्याने तिथल्या धुळीचे कण काचेसारखे धारदार राहतात. 1972 मध्ये अपोलो 17 चे अंतराळवीर तिथे जेमतेम तीन दिवस राहिले, तेवढ्यातही या धुळीने त्यांना पुरतं हैराण केलं.

यावर उपाय म्हणजे घर मातीखाली घेणं. 2023 मध्ये चांद्रयान-3 ने चंद्राच्या मातीत तापमापक खुपसला. वर सुमारे 50 अंश आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली उणे 10! ही माती उष्णता जवळपास जाऊच देत नाही. किरणोत्सर्ग अडवायला मात्र दोन-तीन मीटरचा थर हवा. एवढी माती छतावर ओढायची कोणी आणि कशाने, हा खरा प्रश्न आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसोबत चंद्रासारख्या मातीच्या विटा करून पाहिल्या आहेत. त्यात जिवाणू, युरिया आणि गवारीच्या बियांचा डिंक वापरला.

त्यापेक्षा आयतं छप्पर मिळालं तर? लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेली, सुमारे 1.7 किलोमीटर लांबीची एक गुहा चांद्रयान-1 च्या छायाचित्रांत शास्त्रज्ञांना दिसली.

अडचण अशी की अशा गुहा काळ्या बेसाल्टच्या सपाट भागात आहेत. बर्फ आहे तो ध्रुवांवरच्या कायम अंधारात असलेल्या विवरांत. त्याचा पुरावाही चांद्रयान-1 वरच्याच नासाच्या उपकरणाने दिला. रोहा कुंडलिकेच्या काठी वसलं, तसं पाणी पाहून वस्ती करायची तर गुहेवर पाणी सोडावं लागेल.

सध्या पारडं पाण्याकडे झुकलंय. नासाच्या आर्टेमिस मोहिमेचं लक्ष दक्षिण ध्रुवावर आहे. भारत आणि जपानच्या चांद्रयान-5 चा रोव्हरही तिथेच जमिनीत छिद्र पाडून पाणी नेमकं किती आहे ते मोजणार आहे.