तीन हजार वर्षांपूर्वीचे जेवण, दातांच्या साक्षीने

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर तीन हजार वर्षांपूर्वी कोणी वस्ती करून राहिले असेल, तर ते काय खात होते याचा थांग त्यांच्या हाडांवरून लागणे जवळपास अशक्य आहे. कारण मातीतच दडलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या या तालुक्यात जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी जमीन आहे. पावसाचे पाणी तिच्यातून सतत झिरपते आणि हाडांतील खनिजे विरघळवून नेते.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत मात्र चित्र पालटते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आदींच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आले आणि त्याबरोबर दोनशेहून अधिक दफनेही. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. मूल दगावले की दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, अशी तेथील रीत.

या सांगाड्यांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकी दंतमानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच यांनी केला. हाडांची मोडतोड झाली तरी दात टिकतात. त्यांवरील दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. पिष्टमय अन्न दातांना चिकटते व कीड लागते. म्हणूनच धान्य पिकवणाऱ्या समाजांत किडके दात सहसा अधिक आढळतात, तर गंगेच्या खोऱ्यातील मध्याश्मयुगीन शिकाऱ्यांत ते फारच कमी. दगडावर धान्य वाटताना पिठात मिसळलेली कच दातांची झीज वाढवते. दंतवल्क बालपणी एकदाच तयार होते व पुन्हा भरून येत नाही. त्या वयात उपासमार वा मोठे आजारपण आले, तर दातावर रेघ किंवा खळगा राहून जातो. तो पुढे आयुष्यभर पुसला जात नाही.

रसायनशास्त्राची वाट याहून पुढे जाते. गगनबावड्यातील एखाद्या घरचे ताट घ्या. त्यातला भात आणि नाचणीची भाकरी हवेतला कार्बन दोन निरनिराळ्या पद्धतींनी बांधतात. ज्वारी, बाजरी, मका व ऊस नाचणीच्या गटात, तर गहू, जव व कडधान्ये भाताच्या गटात. नाचणीच्या गटातील पिकांत जड कार्बनचे प्रमाण तुलनेने अधिक असते आणि तो फरक खाणाऱ्याच्या हाडांत उतरतो. चहातली साखरही त्यातून सुटत नाही! नायट्रोजनवरून मांसमासळीचा अंदाज येतो. अंगावर पिणाऱ्या बाळात त्याची पातळी आईपेक्षाही वरची असते, त्यामुळे दूध केव्हा सुटले हेही कळू शकते. अडचण एवढीच, की ही मोजणी बहुधा हाडांतील कोलॅजनवर होते आणि आपल्या उष्ण हवेत ते फार काळ तग धरत नाही. इनामगावच्या आहाराचे चित्र म्हणूनच जळक्या धान्याच्या आणि जनावरांच्या हाडांच्या पुराव्याशी ताडून पाहावे लागते. जव हे तेथील मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, कुळीथ आणि गुरे, शेळ्यामेंढ्या, हरणांचे मांस.

खरा वाद आहे तो गावाच्या अखेरच्या पर्वाविषयी. इ. स. पूर्व १०००च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडली. पाऊसमान घटल्याने हे घडले, असे डॉ. ढवळीकरांचे प्रतिपादन होते. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी बालकांची हाडे नव्याने मोजून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. अखेरच्या पर्वातील मुलांची वाढ खुंटली होती, हे त्यांनी दाखवले. पण सारा दोष हवामानावर टाकणे त्यांना मान्य नाही. हा प्रदेश आधीही निमकोरडाच होता आणि तरीही शेती चालली होती, याकडे त्या लक्ष वेधतात.

या निष्कर्षांना एक मर्यादा राहतेच. कुंभांत सापडली ती दगावलेली मुले. त्याच घरांत वाढून मोठी झालेली त्यांची भावंडे काय खात होती, हे त्या इवल्या हाडांवरून सरळ ठरवता येत नाही. त्यासाठी प्रौढांच्या जबड्यांकडे वळावे लागते. तेथे दंतवल्कावरच्या रेघा आढळल्या, तर बालपणीचा तो ताण सोसूनही ती व्यक्ती जगली, असा त्यांचा अर्थ होतो.