पोटातच पेरलेली प्लीहा

मोटारसायकलवरून पडून डाव्या बरगड्यांखाली जोराचा मार बसला की प्लीहा, म्हणजेच पाणथरी, फुटू शकते. रक्तस्राव थांबला नाही तर ती काढावीच लागते. तिच्यावाचून काही अडत नाही, अशी पूर्वी समजूत होती. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर यांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमधले गंभीर जंतुसंसर्ग नोंदवले आणि ती ढळली. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळणारी चाळणीच गेल्यावर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो.

म्हणून काही शल्यविशारद काढलेल्या निरोगी प्लीहेच्या पातळ चकत्या करून आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्यात ठेवतात. ऊतक रुग्णाचेच, त्यामुळे शरीर ते नाकारत नाही. चकतीचा मधला भाग आधी मरतो. मग कडेच्या जिवंत पेशींपासून ती पुन्हा वाढते. अपघातात विखुरलेले प्लीहेचे कण आपोआप रुजल्याचेही कधी कधी आढळते! प्लीहा नसताना तांबड्या पेशींत दिसणारे हॉवेल-जॉली कण कमी झाले, की चकत्या काम करू लागल्या असे समजतात. रक्ताच्या आजारासाठी प्लीहा काढली असेल, तर मात्र हा उपाय नको. आजारच परत यायचा.

रुजलेल्या चकत्या जंतुसंसर्गापासून कितपत वाचवतात, हे अजून सिद्ध झालेले नाही. मूळ प्लीहेइतका रक्तपुरवठा त्यांना मिळत नाही. त्यामुळे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी घ्यायच्याच. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी. थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि प्लीहा काढल्याचे आधी सांगावे.