माती निवडणारं यंत्र

तांदळातले खडे कधी निवडलेत? ताटात तांदूळ पातळ पसरायचे, बोटानं पुढे सारायचे, खडा दिसला की काढून टाकायचा. आता समजा, खडा डोळ्यांना दिसतच नाही. त्याला हात लावायलाही सक्त मनाई. आणि निवडायचे आहेत मातीचे ढीगच्या ढीग! कसं करणार?

असा पेच खरोखर पडला होता, पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर. होनोलुलूपासून नैऋत्येला सुमारे १,३०० किलोमीटरवर प्रवाळाचं हे चिमुकलं बेट आहे. १९२६ पासून ते समुद्रपक्ष्यांसाठी राखीव होतं. तरीही अमेरिकेनं तिथून अणुचाचण्यांची क्षेपणास्त्रं उडवली. पक्ष्यांच्या घरात हे करायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं.

२५ जुलै १९६२ रोजी थॉर नावाचं क्षेपणास्त्र उडण्याआधीच बिघडलं. त्याच्या टोकावर अणुबॉम्ब होता! नियंत्रकांनी तो जागच्या जागी फोडून टाकला. अणुस्फोट झाला नाही, पण बॉम्बमधलं प्लुटोनियम आजूबाजूच्या वाळूत विखुरलं. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच सुमारे २४,००० वर्षं लागतात. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर ते फार घातक ठरतं.

शिवाय ते सापडायलाही महाकठीण. त्यातून मुख्यतः अल्फा कण निघतात आणि ते साध्या कागदानंही अडतात. मग मातीच्या थराखालून ते बाहेर कसे येणार?

पण प्लुटोनियमची चुगली करणारं कुणीतरी त्याच्याच सोबत असतं. बॉम्बच्या प्लुटोनियममध्ये थोडं प्लुटोनियम-२४१ असतं. त्याचं हळूहळू अमेरिशियम-२४१ बनतं, आणि त्यातून गॅमा किरण निघतात. गॅमा किरण मातीच्या पातळ थरातून पार होतात. म्हणजे अमेरिशियम सापडलं की समजायचं, प्लुटोनियम इथेच आहे! (काही धूरसूचक यंत्रांतही हेच अमेरिशियम अगदी कणभर वापरलेलं असतं.)

या चुगलीवरच १९९०च्या दशकात बेटावर माती निवडणारं यंत्र चाललं. आधी मोठे दगड चाळून काढायचे. मग सरकत्या पट्ट्यावर माती पसरायची. थर जेमतेम पाचेक सेंटिमीटरचा, कारण अमेरिशियमचे गॅमा किरण तसे दुबळे. जाड थरात ते वाटेतच विरतात. पट्ट्याच्या वर सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांची आडवी रांग. गॅमा किरण स्फटिकात शिरला की आत प्रकाशाचा एक इवलासा ठिपका चमकतो. आपल्या डोळ्यांना तो दिसणार नाही, पण स्फटिकाला जोडलेली नळी त्याचा विजेचा संकेत बनवते आणि संगणक असे संकेत मोजतो.

खरी गंमत पुढे आहे. ठिपके चमकले तेव्हा माती स्फटिकाखाली होती, पट्ट्याच्या टोकाला पोचलेली नव्हती. पट्ट्याचा वेग संगणकाला ठाऊक असतो. म्हणून संगणक तेवढा वेळ वाट पाहतो, आणि मातीचा नेमका तो घास टोकाशी आला की खाली एक छोटी झडप हलते. झडपाही रांगेनं बसवलेल्या असतात, त्यामुळे पट्ट्याच्या सगळ्या रुंदीतली माती बाजूला काढावी लागत नाही. जिथे प्लुटोनियमचा कण सापडला तेवढाच भाग दूषित ढिगाकडे वळतो. बाकीची माती सरळ स्वच्छ ढिगात!

एवढा खटाटोप कशाला? हे यंत्र किरणोत्सार नष्ट करत नाही. तो कशानंच पुसता येत नाही. पण दूषित ढीग जितका लहान, तितकी माती पुरायला जागा कमी लागते आणि तिच्यावर राखण ठेवणंही सोपं जातं. जॉन्स्टनवरची दूषित माती पुढे बेटावरच पुरली.

मात्र ही युक्ती कण इथे एक, तिथे एक असे विखुरलेले असले तरच चालते. प्लुटोनियम सगळ्या मातीत सारखं मिसळलं असेल, तर पट्ट्यावरचा प्रत्येक घास दूषितच निघणार. मग झडपेनं वेगळं काय काढायचं?